पोटातील बाळ कायद्याच्या नजरेत : कोकणातील कुटुंबांनी काय तपासावे, काय जपावे

माणसाचे आयुष्य कोणत्या क्षणी सुरू होते, याचे एकच उत्तर भारतीय कायद्यात शोधू नये, कारण ते तेथे लिहिलेलेच नाही. कायदा दर वेळी वेगळ्या कारणासाठी हा प्रश्न विचारतो आणि त्या कारणापुरतीच रेघ आखतो. मनुष्यवध झाला का, हे ठरवताना ती रेघ एका ठिकाणी असते, जन्माची नोंद करताना दुसऱ्या ठिकाणी, आणि वडिलोपार्जित बागेचा हिस्सा ठरवताना तर ती जन्माच्याही मागे, थेट गर्भावस्थेपर्यंत नेली जाते.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडमधल्या घरात हा प्रश्न तत्त्वचर्चेतून येत नाही. घरातला कर्ता मुलगा अचानक जातो, त्याची पत्नी पाच महिन्यांची गरोदर असते, मुंबईहून आलेले चाकरमानी तेराव्यानंतर परतण्याच्या घाईत असतात, जाण्यापूर्वी जमिनीचे काय ते मिटवून टाकू असा विषय निघतो आणि कुणीतरी बोलून जाते, ‘जे अजून जन्मलेलंच नाही, त्याचा कसला हिस्सा?’ हे वाक्य कायद्याने चुकीचे आहे, आणि त्यावर विसंबून केलेल्या सह्या पुढे वीस वर्षे घराला छळतात. अशा प्रसंगी काय तपासावे, कोणते कागद जपावेत आणि कशावर सही करू नये, हे पुढे सांगितले आहे.

प्रश्न कशासाठी आहे, ते आधी लिहून काढावे

तलाठ्याकडे, वकिलाकडे किंवा दवाखान्यात जाण्यापूर्वी आपल्याला नेमके काय ठरवून हवे आहे, ते एका ओळीत कागदावर लिहावे. एका कायद्यातील व्याख्या दुसऱ्या कायद्याच्या प्रश्नाला लावल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतात.

फौजदारी कायद्यापुरते बोलायचे तर भारतीय न्याय संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १०० चे तिसरे स्पष्टीकरण सांगते की आईच्या गर्भात असलेल्या बाळाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नव्हे. परंतु जिवंत बाळाच्या शरीराचा कोणताही भाग बाहेर आलेला असेल, तर ते पूर्णपणे जन्मलेले नसले किंवा त्याने श्वास घेतलेला नसला, तरीही त्याचा मृत्यू घडवणे हा सदोष मनुष्यवध ठरू शकतो. १८६० च्या दंड संहितेतील कलम २९९ मध्येही हेच होते. याचा अर्थ गर्भाला संरक्षण नाही, असा मात्र नव्हे. कलम ८८ ते ९२ ही गर्भाविरुद्धच्या गुन्ह्यांसाठीच आहेत, आणि त्यांतही कायदा पायऱ्या करतो. बेकायदा गर्भपात घडवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. गर्भाची हालचाल जाणवू लागण्याइतके दिवस भरलेले असतील, तर तीच शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. स्त्रीच्या संमतीशिवाय केलेल्या कृत्यासाठी याहून कठोर शिक्षा आहे. गरोदर स्त्रीवर असा हल्ला झाला की तिचा मृत्यू झाला असता तर तो सदोष मनुष्यवध ठरला असता, आणि त्या हल्ल्यात ती वाचली पण हालचाल करणारे बाळ दगावले, तर कलम ९२ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरगुती मारहाणीत गर्भ गेला असेल, तर पोलीस ठाण्यात तक्रार देताना गर्भ किती आठवड्यांचा होता आणि हालचाल जाणवत होती का, हे तक्रारीत स्वच्छ शब्दांत आलेच पाहिजे, कारण कलम त्यावरूनच ठरते.

गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा केंद्रीय कायदा गर्भधारणेपासून ५६ दिवसांपर्यंत ‘भ्रूण’ आणि ५७ व्या दिवसापासून जन्मापर्यंत ‘गर्भ’ अशी विभागणी करतो. २०२१ च्या सरोगसी कायद्यानेही तीच स्वीकारली आहे. दवाखान्यात मोजले जाणारे आठवडे मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरले जातात, म्हणजे प्रत्यक्ष गर्भधारणेच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. दोन कागदांवर दोन वेगळे आकडे दिसले, तर कुणी खोटे लिहिले असे समजण्यापूर्वी मोजणी कुठून सुरू केली आहे ते पाहावे.

वारशासाठी : वडील गेले त्या दिवशी बाळ गर्भात होते का, आणि ते जिवंत जन्मले का

वारशाच्या बाबतीत कायदा हे दोनच प्रश्न विचारतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम २० म्हणते की मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या व्यक्तीच्या मृत्यूच्या वेळी जे मूल गर्भात होते आणि नंतर जिवंत जन्मले, त्याला मृत्यूपूर्वी जन्मलेल्या मुलाइतकाच हक्क आहे. आणि तो हक्क जन्माच्या तारखेपासून नव्हे, तर मृत्यूच्या तारखेपासून त्याच्याकडे आला असे मानले जाते. गर्भ किती महिन्यांचा असावा, अशी कोणतीही अट या कलमात नाही. सहा आठवड्यांचा गर्भ, ज्याची घरात अजून कुणाला कल्पनाही नसेल, तोही या कलमाच्या दृष्टीने वारस होऊ शकतो.

ख्रिश्चन कुटुंबांना लागू होणाऱ्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २७ मध्ये हेच तत्त्व आहे. कोकणातील मुस्लिम कुटुंबांना व्यक्तिगत कायदा लागू होतो आणि हिश्शांचे गणित निराळे असते. तरी गर्भातील वारस जिवंत जन्मल्यास त्याला हिस्सा मिळतो, ही गोष्ट तेथेही मान्य आहे.

गणित प्रत्यक्ष मांडून पाहिले म्हणजे या कलमाचे वजन कळते. समजा, देवगड तालुक्यातील एका हिंदू गृहस्थाने स्वकष्टाने हापूसची बाग घेतली आणि मृत्युपत्र न करता तो वारला. मागे त्याची आई, पत्नी, एक मुलगी आणि पत्नीच्या पोटातील बाळ आहे. बाळ जिवंत जन्मले तर चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश. जिवंत जन्मले नाही तर तिघींना प्रत्येकी एक तृतीयांश. जुळी जन्मली तर पाच हिस्से. प्रसूती होईपर्यंत हिस्से किती पडणार हेच कुणाला ठाऊक नसते, म्हणून त्याआधी केलेली कोणतीही वाटणी अंदाजावर उभी असते.

आता याच उदाहरणात बाळ जन्मले, तासभर श्वास घेतला आणि गेले, असे धरू. त्या एका तासाने बागेचे हिस्से बदलतात. बाळाचा एक चतुर्थांश हिस्सा वडिलांच्या मृत्यूच्या तारखेपासून त्याचाच झालेला होता. म्हणून आता तो बाळाच्या वारसांकडे जातो. बाळ मुलगा असेल, तर त्याची पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क असणारी वारस त्याची आई. तिचा स्वतःचा एक चतुर्थांश आणि बाळाचा एक चतुर्थांश मिळून निम्मी बाग तिची होते. बाळ मुलगी असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे वडिलांकडून आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते, आणि पुन्हा मयताची पत्नी, आई आणि थोरली मुलगी यांना एक तृतीयांश प्रमाणे मिळते. जिवंत असेपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखाच असतो; फरक पडतो तो अशा मृत्यूनंतर. एवढी मोठी गोष्ट एका रडण्यावर अवलंबून असते, आणि ते रडणे कुणी लिहून ठेवले का, यावरच तिचा निकाल लागतो. म्हणून पुढील सर्व खटाटोप कागदासाठी आहे.

मिळकत वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर हिंदू कायद्याचा जुना नियम असा की स्त्री गरोदर असल्याचे ठाऊक असेल तर वाटप प्रसूतीपर्यंत पुढे ढकलावे, अन्यथा एक हिस्सा बाजूला ठेवावा. तसे केले नाही, तर नंतर जन्मलेले मूल झालेले वाटप पुन्हा उघडू शकते. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही जन्मतःच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची वाटेकरी आहे, त्यामुळे हा नियम आता केवळ मुलग्यापुरता समजण्याचे कारण उरलेले नाही. याच ओघात सांगितलेच पाहिजे की ‘मुलगा की मुलगी ते कळले तर वाटपाचे बघू’ असे म्हणून सोनोग्राफीकडे वळणारा नातलग गुन्ह्याकडे वळत असतो. लिंगनिदान करून मागणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्राने याविरुद्ध १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी, कायदा केला होता.

मृत्यूनंतर आणि प्रसूतीपूर्वी : नोंद थांबवू नये, वाटप थांबवावे

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. बाळाच्या जन्माची वाट पाहत ही वर्दी अडवून ठेवू नये. उलट पत्नीने स्वतःच्या नावाने अर्ज द्यावा, त्यात सर्व वारसांची नावे लिहावीत आणि एक स्वतंत्र वाक्य घालावे : ‘मी मयताची पत्नी असून गरोदर आहे, होणारे अपत्य जिवंत जन्मल्यास तेही मयताचे वारस राहील, त्याच्या हक्कास बाधा येईल असे वाटप अगर हक्कसोड करण्यास माझी संमती नाही.’ सोबत वैद्यकीय कागदाची प्रत जोडावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय परतू नये. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून केला, तरी हे वाक्य आणि जोडकागद वगळू नयेत.

वारसाची वर्दी गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीत येते, तेथून फेरफार (हक्कनोंदीतील बदल) होतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कुणी हरकत घेतली, तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. या काळात भावकीकडून येणारा सर्वांत धोक्याचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. ‘तू सही कर, बाळाचे आम्ही बघतो’ हे आपुलकीनेही म्हटले जाते, पण स्वतःचा हिस्सा सोडायचा की नाही हा त्या स्त्रीचा प्रश्न असला, तरी पोटातील बाळाचा हिस्सा सोडण्याचा अधिकार तिलाही नाही, आणि दीर-सासऱ्यांना तर नाहीच. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज कुणी केलाच, तर गरोदर असल्याचे लेखी म्हणणे तेथे तत्काळ दाखल करावे.

पुरावा कोणता जपावा, याचे उत्तर बहुतेक घरांत आधीच असते. उपकेंद्रातील आरोग्यसेविका किंवा आशाताई गरोदरपणाची नोंद करते, तेव्हा माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. त्याच्या पहिल्या पानांवर शेवटच्या पाळीची तारीख, प्रसूतीची अपेक्षित तारीख आणि नोंदणीची तारीख अशा तीन जागा असतात. वारशासाठी शेवटच्या पाळीची तारीख सर्वांत मोलाची, कारण वडील गेले त्या दिवशी गर्भ होता, हे तीच सांगते. ती जागा कोरी असेल तर भरून घ्यावी, खाडाखोड असेल तर त्यावर सही घ्यावी. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा अहवाल त्याखालोखाल महत्त्वाचा, कारण गर्भाचे वय त्या काळात सर्वांत अचूक निघते. कोकणात सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते आणि फाइल सासरी राहते. म्हणून या दोन्ही कागदांचे फोटो मोबाइलवर काढून माहेरच्या एका विश्वासू माणसाकडेही ठेवावेत.

पितृत्वावर कुणी शंका घेतली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ११६ स्त्रीच्या पाठीशी आहे. विवाह कायम असताना, किंवा पतीच्या मृत्यूने वा अन्य कारणाने तो संपल्यावर २८० दिवसांच्या आत आणि आई अविवाहित असताना जन्मलेले मूल हे त्या पतीचेच, असे निर्णायकपणे मानले जाते. गर्भधारणा होऊ शकली असती त्या काळात पती-पत्नीचा संपर्कच नव्हता, असे सिद्ध झाले तरच ते मोडते. २८० दिवसांनंतर जन्मलेले मूल आपोआप परके ठरत नाही. फक्त तेव्हा ही आयती ढाल राहत नाही आणि पुरावा द्यावा लागतो. मृत्यूची तारीख आणि जन्माची तारीख यांतील दिवस मोजून एका कागदावर लिहून ठेवणे म्हणूनच उपयोगी पडते.

किनाऱ्यावरच्या घरांवर येणारा एक वेगळा प्रसंग आहे, आणि त्याबद्दल फार थोडे लिहिले जाते. मासेमारीला गेलेली होडी परतत नाही, शरीर सापडत नाही, आणि घरी गरोदर बायको असते. सात वर्षे माणसाची काही खबर नसेल तर तो मृत मानला जातो, हा साक्ष्य कायद्याचा नियम आहे. पण ते गृहीतक मृत्यू झाल्यापुरते आहे, तो कोणत्या दिवशी झाला हे त्यातून ठरत नाही, आणि इथे तर सगळे त्या दिवसावरच अवलंबून असते. त्यामुळे होडी बंदरातून सुटल्याचा दिवस, शेवटचा वायरलेस किंवा फोन, पोलीस ठाण्यातील बेपत्ता झाल्याची नोंद, शोधमोहिमेचे कागद, वाचलेल्या खलाशांचे जबाब हे सर्व पहिल्या आठवड्यातच गोळा करावे. मच्छीमार सहकारी सोसायटीकडे असलेल्या नोंदींची प्रतही घ्यावी. पुढे दिवाणी न्यायालयात मृत्यूची तारीख सिद्ध करायची वेळ आली, तर हेच कागद कामी येतात.

गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय तिचाच

इथे वारसाहक्काची चर्चा थांबली पाहिजे. गर्भाला मिळणारा वारसाहक्क जिवंत जन्मावर अवलंबून आहे. त्या हक्काच्या नावाखाली विधवेला गर्भ वाढवण्याची सक्ती करता येत नाही, आणि हिस्सा वाढू नये म्हणून गर्भपाताची सक्तीही करता येत नाही. वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ मध्ये २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका आणि २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट आलेली स्त्री या गटांत स्पष्टपणे समाविष्ट आहे. शासनाने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेली स्त्रीही आहे. निसर्ग आणि तौक्ते ही वादळे सोसलेल्या किनाऱ्याने ही तरतूद माहीत करून घ्यावी. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, सासरच्या वा माहेरच्या कुणाचीही सही लागत नाही, आणि तिची ओळख गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. २४ आठवड्यांनंतर गंभीर गर्भदोषासाठी वैद्यकीय मंडळ निर्णय देते, आणि स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात या आठवड्यांच्या मर्यादेत अडकत नाही. इतर प्रकरणे उच्च न्यायालयात जातात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात २० ते २४ आठवड्यांची ही मुभा अविवाहित स्त्रियांनाही आहे, असे सांगितले.

प्रसूतीच्या दिवशी : नमुना कोणता भरला ते पाहावे

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ मध्ये ‘जिवंत जन्म’ याची व्याख्या आहे, आणि ती प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी समजून घ्यावी. गर्भ आईपासून पूर्णपणे बाहेर आल्यावर त्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाचे दुसरे कोणतेही लक्षण दाखवले, की तो जिवंत जन्म. गर्भावस्था किती आठवड्यांची होती, याला येथे महत्त्व नाही. २४ व्या आठवड्यात जन्मून दहा मिनिटे जगलेले बाळही जिवंत जन्मले. याउलट बाहेर येण्यापूर्वीच जिवंतपणाची सर्व लक्षणे संपलेली असतील आणि गर्भ २८ आठवडे पूर्ण झालेला असेल, तर तो ‘मृत जन्म’. फौजदारी कायद्यात शरीराचा एखादा भाग बाहेर येणे पुरते, नोंदणीत मात्र पूर्ण बाहेर येणे लागते, हा फरक ध्यानात असू द्यावा.

जिवंत जन्मासाठी नमुना १, मृत्यूसाठी नमुना २ आणि मृत जन्मासाठी नमुना ३ भरला जातो. बाळ काही मिनिटे जगून गेले, तर नमुना १ आणि नमुना २ असे दोन्ही भरले गेले पाहिजेत. दुःखाच्या आणि धावपळीच्या त्या तासात सरसकट नमुना ३ भरला जाण्याची भीती असते, आणि त्या एका कागदाने बाळाचा वारसा पुसला जातो. म्हणून घरातील एका शांत माणसाकडे हे एकच काम सोपवावे : केसपेपरवर बाळ रडल्याची, श्वासाची, हृदयाच्या ठोक्यांची वेळ लिहिली आहे का आणि पहिल्या व पाचव्या मिनिटाचा अपगार गुण (नवजात बाळाच्या प्रकृतीची गुणांकात केलेली नोंद) लिहिला आहे का ते पाहायचे, आणि त्या पानांची प्रत लेखी अर्ज करून मागून घ्यायची. नोंद चुकीची आढळली, तर त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी.

जन्माची नोंद, बाळ जेथे जन्मले तेथील निबंधकाकडे होते; सासरच्या गावात नव्हे. बाळंतपण माहेरच्या गावी झाले तर तेथील ग्रामपंचायतीत, सिंधुदुर्गातून अवघड प्रसूती बांबोळीला नेली तर गोव्यात. रुग्णवाहिका घाटात असताना बाळ जन्मले, तर वाहन प्रथम जेथे थांबले तेथे वाहनप्रमुखाने माहिती द्यायची असते. मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर, जन्मापासून ३० दिवसांपर्यंत, विलंब शुल्क भरून काम भागते, पण पुढे परवानगी लागते आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळाप्रवेशापासून पुढे हाच दाखला चालतो, त्यामुळे बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंद अडवून ठेवू नये. नाव नंतर घालता येते. वडिलांचे नाव, वडील हयात नसले तरी, लिहिलेच पाहिजे.

दाखला हाती आल्यावर पुन्हा सातबाराकडे वळावे

बाळाच्या जन्मदाखल्यासह तलाठ्याकडे दुसरी वर्दी द्यावी. सातबारावर बाळाचे नाव ‘अ.पा.क. आई’ अशा शेऱ्यासह, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई म्हणून लागते. खाते पूर्वीच चुलत्याच्या नावाने ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून चालत असेल, तर नुसत्या तोंडी आश्वासनावर न थांबता नाव लावून घ्यावे. आई ही नैसर्गिक पालक असली, तरी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. महामार्गालगतच्या आणि समुद्राकाठच्या जमिनींना ग्राहक घाई करतात. अशा घाईत झालेला व्यवहार मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकते.

बाळाचे नाव वगळून फेरफार मंजूर झाला असेल, तर प्रांत कार्यालयात ६० दिवसांत अपील करावे. ती मुदत गेली तरी हातपाय गाळू नयेत, कारण फेरफार नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. मालकीचा निकाल दिवाणी न्यायालय देते. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात तर ‘अज्ञान’ या शब्दात गर्भातील मूलही येते, असे सरळ लिहिले आहे. म्हणजे जन्मापूर्वी झालेल्या अन्यायाविरुद्धही त्या मुलाला सज्ञान झाल्यावर दाद मागता येते. मात्र या सवलतीमुळे मिळणारी वाढ सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांपलीकडे जात नाही. एकविसाव्या वाढदिवसाआधी वकिलाकडे जाणे शहाणपणाचे.

अजून गर्भातही नसलेल्या नातवंडासाठी

आजोबांना वाटते, आपली बाग होणाऱ्या नातवाला मिळावी. जो अजून गर्भातही नाही, त्याला थेट बक्षीसपत्र करून देता येत नाही, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे हस्तांतरण हयात व्यक्तीलाच होते. त्या कायद्याच्या कलम १३ ने वाट ठेवली आहे : आधी मुलाला हयातीपुरता उपभोगाचा हक्क द्यावा आणि त्यानंतर राहिलेला संपूर्ण हक्क नातवंडाला. ‘संपूर्ण’ या शब्दाकडे दुर्लक्ष झाले की दस्त कोसळतो. नातवालाही केवळ हयातीपुरताच हक्क आणि पुढे पणतूला, अशी लांबण लावली तर नातवाला दिलेला हक्कच अवैध ठरतो. मृत्युपत्रात हीच व्यवस्था करताना ‘माझ्या मुलास होणारी सर्व अपत्ये, मुलगे व मुली, समान हिश्शाने’ असे लिहावे, म्हणजे कोणते नातवंड आधी जन्मले यावरून वाद उरत नाही.

वंध्यत्व उपचार घेत असलेल्या जोडप्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. गोठवून ठेवलेला भ्रूण २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत साठवता येतो, पण उत्तराधिकार कायद्याचे कलम २० मृत्यूच्या वेळी गर्भाशयात असलेल्या मुलाबद्दल बोलते, आणि प्रयोगशाळेतील भ्रूण त्या शब्दांत बसत नाही. अशा पतीने मृत्युपत्र करून ठेवावे, त्यात या उपचाराचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि ज्यांना त्या मिळकतीतून काहीच मिळणार नाही, असे दोन साक्षीदार घ्यावेत.